घाऱ्या डोळ्यांची जोडी

डोळेवाल्याने बनवलेला खोटा डोळा कांदा चिरताना खऱ्याच्या आधी पाणी काढतो, असं गिऱ्हाइकं शपथेवर सांगत. एकाचा डोळा तर मालक घोरत पडला तरी त्याच्या बायकोवर नजर ठेवून असे. नवऱ्यांत त्या डोळ्याला भारी मागणी.

असा हा रंगांचा राजा. त्याचे डोळे काळेभोर, बायकोचेही काळेभोर, आणि पोरगी झाली ती घाऱ्या डोळ्यांची!

त्याने बशीत काळा रंग घेतला, त्यात काळाच कालवला आणि बशी बाळंतिणीच्या नाकासमोर धरली. "दाखव यात घारा कुठाय!"

"अहो, पोर म्हणजे काय रंगाची बशी आहे?"

"रंग खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

बायकोने पोर उचलली आणि माहेर गाठलं. त्याने अडवलं नाही.

पोरगी वाढून बाई झाली, तेव्हा कुठे त्याची आत्या दुकानाची पायरी चढली. भावाशी भांडून परमुलखात गेलेली, आता एक डोळा गमावून आलेली. नमुन्यांच्या पेटीत एक घारी जोडी होती. त्याच्या बापाने केलेली, कधीच न विकलेली. आत्याने ती उचलून उजेडात धरली.

"अरे, हे तर माझ्या आईचे डोळे! तू तिला पाहिलंच नाहीस."

"आजीचे? मग तुझे नि बाबांचे काळे कसे?"

"आम्ही आमच्या बाबांवर गेलो."

तो तडक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "हे रंग कालवले जात नाहीत हो. माणूस आईकडून एक घेतो, बापाकडून एक. काळा दांडगा, तो घाऱ्याला दडपतो, पण पुसत नाही. तुमच्या बाबांत तो दडला, तुमच्यात दडला, बायकोतही असणारच. पोरीला दोघांकडून घाराच आला. झाकायला काळा उरलाच नाही."

जोडी खिशात घालून तो बायकोच्या माहेरी धावला. दार पोरीने उघडलं. डोळे काळेभोर.

"ओळखलं तुम्हाला," ती म्हणाली. "आईने फोटो ठेवला होता."

"तुझे डोळे..."

"लेन्स घालते. जो तो विचारायचा, कुणावर गेलीस गं? वैताग आला."

"माझ्या आजीवर!" त्याने जोडी पुढे केली.

तिने हात लावला नाही. "हे आईला सांगायचं होतंत. गेल्या उन्हाळ्यात गेली ती."

दार लागता लागता त्याला तिच्या लेन्सच्या कडेला घाऱ्याची बारीक रेघ दिसली. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती.