दोन्ही हात वर

तुम्ही बायकांचे हात चोरलेत, साहेब. आम्ही जंगलातून जळणाची मोळी आणली तरी तुमचं फॉरेस्ट खातं आमच्यावर केस घालतं. हात चोरणाऱ्यावर काय घालायचं? आंबेमाळच्या बायकांना लोकर वाटून तुम्ही त्यांच्याकडून काय काढून घेतलंत, ते आमच्या गावच्या सुनेला, रक्षिताला, कळायला वेळ लागला. आता सगळ्यांनाच कळू दे.

आंबेमाळ कर्नाटकातल्या गणेशगुडीच्या वरच्या अंगाला. जीप थांबते तिथून पुढं पायांनीच. तुम्हाला जंगल मोकळं हवं, त्यात आमची भातखाचरं आणि आमची तोंडं नकोत. दिवाळीनंतर शाळेच्या पडवीत बैठक घेऊन तुम्ही विचारलंत, "खुशीनं गाव सोडायला तयार आहेत त्यांनी हात वर करा." एक हात उठला नाही. रक्षिताची सासू लक्ष्मी तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"चुकून खाजवायला वर गेला तर?" ती म्हणाली.

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

आणि मग शिमग्याच्या सुमाराला, उन्हानं डोकी तापायला लागल्यावर, लोकर आली. राखाडी, दोरखंडासारखी जाड, पोती भरभरून. महिलांसाठी हस्तकला म्हणे. सुई नको, मशीन नको, नुसत्या हातांवर विणायचं आणि एका बैठकीत पांघरूण तयार. शिकवायला अंकिता मॅडम आल्या. बोलायला गोड. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते तुम्हालाच ठाऊक.

बायका गोळा केल्या रक्षितानं. तालुक्याला, जोयड्याला जाऊन बारावी शिकलेली सून, तिचं घरोघर ऐकतात. "गावात बसून चार पैसे मिळाले की गाव सोडा म्हणायला त्यांना तोंड राहणार न्हाई," असं तिनं सासूला पटवलं. लक्ष्मी तयार नव्हती. "उन्हाळ्यात लोकर वाटणारा माणूस शहाणा नसतोय, न्हाईतर लई शहाणा असतोय," ती म्हणाली. पण सुनेच्या शब्दासाठी आली.

टाके उजव्या हातावर चढवायचे, मनगटापासून कोपरापर्यंत. मग एकेका टाक्यातून लोकर ओढून तो डाव्या हातावर घ्यायचा. ओळ संपली की उलट. काम सोपं होतं, खोटं कशाला बोला. पण ओळ अर्धी असली की अर्धे टाके या हातावर, अर्धे त्या हातावर. दोन्ही हात एकमेकांना बांधलेले. पाणी प्यायची सोय नाही, पदर सावरायची नाही.

"हात म्हणजेच आपली सुई!" अंकिता मॅडम म्हणाल्या.

"आत्ती, दाव्याला बांधल्यागत दिसताय," शेजारची रेश्मा लक्ष्मीकडं बघून खिदळली.

"म्हशीला माशी हाकलायला शेपूट तरी असतंय गे! नाक खाजवतंय माझं, कुणीतरी खाजवा!"

रक्षिताचेही हात गुंतलेले. तिनं पुढं वाकून आपल्या कपाळानं सासूचं नाक घासलं. पडवी हसून लोळायची बाकी राहिली.

त्याच वेळी तुम्ही आलात. मागच्या बाजूनं, फोटोवाल्याला घेऊन.

"एल्लरू कै एत्ती!" तुम्ही कानडीत ओरडलात.

"हात वर, हात वर! टाके दिसू देत!" मॅडमनी मराठीत री ओढली.

बायकांनी हात वर केले. एक हात दुसऱ्याला सोडून जाणारच नव्हता, म्हणून दोन्ही केले. फोटो निघाला. तुम्ही गेलात, मॅडम गेल्या, उरलेली पोती गेली. विणलेलं विकत घ्यायला कुणी फिरकलं नाही. लक्ष्मीनं आपला तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

पुढची बैठक जोयड्याला, मोठ्या हॉलमध्ये. वाटेच्या तोंडाशी जिपा पाठवल्यात, चहा दिलात, पंखे लावलेत. आणि पडद्यावर तो फोटो. खालून कापलेला. पाठमोरे अंबाडे आणि वर उठलेले हात, एवढंच.

"आंबेमाळच्या महिलांनी हात वर करून गाव सोडायला एकमतानं संमती दिलेली आहे," तुम्ही वाचून दाखवलंत.

मग परशू, रक्षिताचा चुलत सासरा, वळला. "तूच नेलीस न्हवं बायकांना? घरोघरी फिरून?" पुढच्या रांगेतला पुंडलिक तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "शिकलेल्या सुनेनं गाव विकलं." रक्षितानं सासूकडं पाहिलं. लक्ष्मी पडद्याकडंच बघत होती. सुनेकडं तिनं मान वळवली नाही, आणि रक्षिताला तेच सगळ्यात लागलं.

ती उठली. "साहेब, ती संमती न्हवं. हातावर लोकर हाय ती."

"स्वेटर आहेत. दिवाळीनंतरची, थंडीतली बैठक आहे ही," तुम्ही म्हणालात.

"माझ्या आत्तीनं जन्मात स्वेटर घातला न्हाई! थंडी पडली की ती शेकोटी पेटवते."

"बाई, वाद नको. हात वर आहेत की नाहीत, तेवढं सांग."

रक्षिताला म्हणावंच लागलं, "हाईत."

"मग झालं. बस खाली."

ती बसणारच होती. गुडघे वाकलेही होते. तेवढ्यात पडद्यावर तिला स्वतःचा अंबाडा दिसला. तिनंच त्या दिवशी खोवलेली अबोली, आणि दोन्ही बाजूंना आपले दोन हात. शेजारी सासूचे दोन. रेश्माचे दोन.

"साहेब," ती ताठ उभी राहिली, "मत एका हातानं देत्यात. ह्यात एकीचा तरी एकच हात वर दाखवा."

तुम्ही खूण केलीत आणि पडद्यावर दुसरं चित्र आलं, नव्या वसाहतीतली रंगवलेली घरं. "ज्यांना ही घरं पसंत आहेत त्यांनी..."

तुमचं वाक्य संपायच्या आत लक्ष्मीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. "बस गे रक्षे," ती म्हणाली, "आणि हात मांडीखाली घाल." मग रेश्मानं घातले. परशूनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्यानंही घातले. बघता बघता सगळा हॉल हातांवर बसला.

तो फोटो अजून तुमच्या फायलीत संमती म्हणून लावलेला आहे. बंदूक रोखली तर माणूस दोन्ही हात वर करतो. नाहीतर तुम्ही ते बांधलेत तर. मत द्यायला दोन्ही हात कोण वर करतं, साहेब? आम्ही हलत नाही. उत्तर द्या.