बाईंच्या भाषणाची डीव्हीडी

“झाली का हो डीव्हीडी?” बाईंच्या यजमानांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कॅमेरावाला लॅपटॉपवरचं फोल्डर चौथ्यांदा उघडून बघत होता. फोल्डर रिकामं होतं.

शाळेच्या सभागृहात बाईंचा निरोपसमारंभ नुकताच संपला होता. चार दिवसांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून यजमानांनी मुद्दाम कॅमेरावाला बोलावला होता. नंतर टेपवरून उतरवत बसायला नको म्हणून त्यानं टेप न घालताच कॅमेऱ्याची वायर थेट लॅपटॉपला जोडली होती. “कार्यक्रम संपला की डीव्हीडी हातात,” अशी फुशारकीही मारली होती. चाळीस मिनिटं बाई स्क्रीनवर दिसत राहिल्या. पण दिसणं वेगळं आणि साठवलं जाणं वेगळं. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं तो साफ विसरला होता.

“झालीच,” तो म्हणाला. त्यानं एक कोरी डीव्हीडी काढली, मार्करनं तिच्यावर बाईंचं नाव आणि तारीख सुबक अक्षरात लिहिली. यजमानांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

उद्या जाऊन सांगू, असं त्यानं ठरवलं. असे बरेच उद्या गेले.

तीन आठवड्यांनी यजमान त्याच्या दुकानात आले. “अहो, आमच्या प्लेअरवर ही लागतच नाही. दुरुस्तीला नेला, तर दुरुस्तीवाला म्हणतो, प्लेअर ठणठणीत आहे, डिस्कच कोरी आहे. चांगलाच भांडलो त्याच्याशी. म्हटलं, आमचा माणूस असं काम करायचा नाही.”

डिस्क खराब निघाली, असं म्हणायचं कॅमेरावाल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

“काका, ती कोरीच आहे. रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. मला तिथंच कळलं होतं.”

यजमानांनी डिस्क उलटसुलट करून पाहिली. “आणि तरी नाव घातलंत.”

यजमानांनी डिस्क पिशवीत ठेवली.

“चला घरी. तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.”

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. गळ्याला पट्टी, मांडीवर वही. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. बाईंनी वहीत लिहून वही त्याच्यासमोर धरली: ‘मी काय बोलले, ते सांगता? लिहून आणलं नव्हतं. सुचेल तसं बोलत गेले.’

चाळीस मिनिटं त्याच्या कानांवर हेडफोन होते. त्याच्याइतकं स्पष्ट कुणालाच ऐकू आलं नसेल. पण आवाज फाटतोय का, एवढंच तो ऐकत होता.

“आवाज अगदी स्वच्छ येत होता, बाई,” तो म्हणाला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चाचरत म्हणाला, “मध्ये तुम्ही पाणी मागितलंत. म्हणालात, ‘थांबा हं, पळून जाऊ नका कुणी.’”

बाईंचे खांदे हलले. त्या हसत होत्या, आवाजाविना. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

यजमानांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला नाही. वाकून त्यानं तेवढंच वाक्य लिहिलं. पुढचं काही केल्या आठवेना, तरी पेन्सिल खाली ठेवायचा त्याला धीर होईना.