दुसरा दोन

ऑफिसात तिला सगळे झाडवाली म्हणायचे. नव्या शिपायाने तर पहिल्याच आठवड्यात गॅलरीतल्या पिवळ्या पडलेल्या कुंडीला कोणतं खत घालू, म्हणून तिलाच विचारलं होतं. तिची झाडं मात्र पडद्यावरची. माणसाने लिहिलेलं वाक्य फोडून त्याचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम असतो, त्याला त्या धंद्यात पार्सर म्हणतात. त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं साधन तिने बनवलं होतं. वाक्य लिहायचं, की एकेका शब्दाची चौकट तयार. मग बटण दाबत पुढे जायचं: ही संख्या, ही वस्तू, ही वेळ. चौकटी रेषांनी जोडल्या जायच्या आणि वरून खाली फांद्या फुटायच्या. नियम बसला की फांदी हिरवी, अडलं की लाल. बाकीचे लोक चूक शोधताना आकड्यांच्या रांगा चाळून डोळे फोडून घ्यायचे आणि ही बया चहाचे घोट घेत चित्र बघायची. याचा तिला गर्व होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

एका मोठ्या दवाखान्यात तिचा पार्सर सात वर्षं चालू होता. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, औषधांच्या खिडकीवरचे काका ती सूचना जशीच्या तशी टाइप करायचे, आणि शेजारच्या खिडकीत पाकिटावर चिकटवायचं लेबल छापून निघायचं. गेल्या महिन्यात एका बाईंच्या पाकिटावर 'सकाळी एक, संध्याकाळी एक' असं छापलं गेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं, 'दोन दोन गोळ्या सकाळ संध्याकाळ'. अर्ध्याच औषधावर बाईंच्या पायांची सूज वाढत गेली आणि त्यांना आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. आता त्या घरी होत्या, पण चूक कोणाची हे ठरायचं होतं. प्रोग्रॅमच्या नोंदीत वाक्य होतं, 'दोन गोळ्या सकाळ संध्याकाळ'. दोन एकदाच. काका म्हणत होते, मी दोनदा लिहिलं. शुक्रवारी अकरा वाजता बैठक होती. तिथे काका चुकले असं ठरलं, तर सत्तावीस वर्षं सांभाळलेली खिडकी त्यांच्या हातून जाणार होती.

बुधवारी साहेबांनी झाडवालीला बोलावून सांगितलं, की बैठकीसाठी एक झाड काढून ठेव, लोकांना चित्र लवकर पटतं. तिने पंधरा मिनिटांत काढलं. दोन गोळ्या, वेळा दोन, वाटून एकेक. झाड वरपासून खालपर्यंत हिरवंगार. खाली तिने एक ओळ लिहिली, की प्रोग्रॅमला जे दिलं ते त्याने बरोबर वाचलं.

दुपारी काका स्वतःच आले. खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिने खुर्ची दिली, चहा मागवला आणि झाड दाखवलं. हे उलटं कसं, असं काकांनी विचारलं. आमच्याकडे मूळ वरच असतं, म्हणून ती हसली. मग तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं नीट समाधान करावं. तुम्ही दोनदा लिहिलं असतंत तर लेबल बरोबरच आलं असतं, ते दाखवते, असं म्हणून तिने त्यांच्यासमोर अख्खं वाक्य टाइप केलं: दोन दोन गोळ्या सकाळ संध्याकाळ.

काकांनी चष्मा चढवला आणि पडद्याला बोट न लावता चौकटी मोजल्या.

“चारच आल्या,” ते म्हणाले.

तिने वाक्य पुसून पुन्हा लिहिलं, या वेळी एकेक अक्षर बघत. चौकटी चारच आल्या. दोन, गोळ्या, सकाळ, संध्याकाळ. झाड हिरवं.

काकांचा चेहरा पडायला हवा होता की खुलायला, तेच तिला कळेना. झालं भलतंच. काका मान हलवत म्हणाले, “बघा, तुमच्याही हातून दुसरा दोन सुटतो. तुम्ही तर तरुण आहात, ताई. माझ्या हातून सुटलाच असेल. मी उगाच तुमच्या प्रोग्रॅमवर आळ घेतला. आज जाऊन तसं लिहून देतो.”

काकांनी चहा संपवला, चिठ्ठी उचलली आणि जिना उतरून गेले.

ते खालच्या मजल्यावर पोचायच्या आधीच तिला सगळं आठवलं होतं. नोकरीचा पहिला महिना. तेव्हा खिडकीवरच्या मशीनला एक खोड होती, कधीकधी तोच शब्द दोनदा यायचा. तिने हुशारीने प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली: शेजारीशेजारी तोच शब्द आला तर एक काढून टाक. साहेबांनी पाठ थोपटली होती. पुढे मशीन बदललं, ओळ तशीच राहिली. वाक्य आधी त्या ओळीतून झाडून निघायचं, त्यानंतर त्याची नोंद व्हायची आणि मग चित्र सुरू व्हायचं, कारण आपल्या सुंदर चित्रात कचरा नको असं तिनेच ठरवलं होतं.

सात वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यालाही कारण होतं. एक किंवा अर्धी गोळी प्रोग्रॅम वेळांमध्ये वाटत नसे, म्हणून 'एक एक गोळी' मधला एक गेला तरी लेबल तेच यायचं. 'अर्धी अर्धी' चंही तसंच. जुने डॉक्टर 'प्रत्येक वेळी दोन' असं लिहायचे. दीड महिन्यापूर्वी आलेले नवे डॉक्टर बोलतात तसं लिहीत होते. दोघींना दोन बिस्किटं दे आणि दोघींना दोन दोन बिस्किटं दे, यातला फरक झाडवालीच्या सात वर्षांच्या मुलीनेसुद्धा भांडून सिद्ध केला असता. आणि तिच्या शिकल्यासवरल्या आईने तो दुसरा दोन केरात काढला होता.

गुरुवारी सकाळी आल्या आल्या तिने ती ओळ काढून टाकली. चार मिनिटांचं काम. आता चौकटी पाच येत होत्या, यापुढे कोणाचं लेबल चुकणार नव्हतं, आणि पूर्वी काय होतं हे कोणी कधी शोधणारही नव्हतं. तिने मनाची समजूत घालायला सुरुवात केली. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. काकांच्या निवृत्तीला तसंही दोनच वर्षं राहिलीत. तिचं साधन आणखी तीन दवाखान्यांत जाणार होतं आणि त्या कामाची प्रमुख म्हणून तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. अशा वेळी आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने स्वतःला बरंचसं पटवलंही.

सुट्टीनंतर साहेबांनी काकांच्या पत्राचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, प्रश्न मिटला. पत्र हाताने लिहिलेलं, अक्षर वळणदार: 'मी प्रत्येक सूचना टाइप केल्यावर पुन्हा पुन्हा वाचतो आणि मगच बटण दाबतो. तरीही माझ्या हातून दोन हा शब्द एकदाच लिहिला गेला असावा. त्या बाईंची मी माफी मागतो.'

तिची नजर 'पुन्हा पुन्हा' वर अडकली. आपल्या ओळीने यातलाही एक खाल्ला असता आणि मग हा माणूस नुसता 'पुन्हा' वाचणारा ठरला असता. तिला स्वतःची लाज वाटली, अशी की खुर्चीत बसवेना. ती उठून गॅलरीत गेली, त्या पिवळ्या कुंडीपाशी जरा वेळ उभी राहिली आणि परत येऊन कामाला लागली. काढलेली ओळ तिने प्रोग्रॅमच्या एका वेगळ्या प्रतीत परत घातली. चित्राच्या वर एक नवी पट्टी जोडली: माणसाने लिहिलेलं वाक्य, जसंच्या तसं. जो शब्द गाळला जाईल त्याची राखाडी चौकट आणि तिच्याखाली तो गाळणाऱ्या ओळीची तारीख.

शुक्रवारी अकराला काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसले होते. साहेब त्यांचं पत्र वाचायला लागणार, एवढ्यात तिने आधी चित्र दाखवू द्या म्हणून विनंती केली. वाक्य टाइप केलं. चौकटी पाच आल्या. मग दुसरा दोन सगळ्यांदेखत राखाडी झाला आणि उरलेल्या चारांचं झाड नेहमीसारखं हिरवं झालं.

साहेबांनी विचारलं, “ही ओळ कोणाची?”

“माझी. काकांनी दोनदाच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “बुधवारी दुपारी मला कळलं, आणि मी आज सांगतेय.”

काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला, परत काढला. “म्हणजे मी लिहिलं होतं,” ते हळूच म्हणाले. हे ते तिला सांगत नव्हते. नंतर बराच वेळ ते पडद्यावरच्या त्या राखाडी चौकटीकडे बघत होते.

तीन दवाखान्यांच्या कामाचं प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. साहेब चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. पण त्या बैठकीतला खरा प्रश्न साहेबांनाही सुचला नव्हता, तो काकांनी दारातून वळून विचारला: “ताई, असे आणखी किती जण असतील?”

प्रोग्रॅमकडे उत्तर नव्हतं, त्याने दुसरा दोन कधी जपलाच नव्हता. काकांकडे मात्र होतं. प्रत्येक दिवसाच्या चिठ्ठ्या ते सुतळीने बांधून तारीखवार ठेवत. तो शनिवार आणि रविवार दोघांनी खिडकीमागच्या खोलीत जमिनीवर बसून दीड महिन्याचे गठ्ठे चाळले. अशा एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येक चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून त्यांनी औषध पुढे कसं घ्यायचं ते लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी काकांनी पहिला फोन लावला. पाकिटावर चुकीचं छापलं गेलं हे त्यांनी पलीकडच्या गृहस्थांना शांतपणे समजावलं. पलीकडचा चढलेला आवाज तिला समोर बसूनही ऐकू आला. काका म्हणाले, “हो साहेब, बरोबर आहे तुमचं. चूक आमची झाली.”

त्यांनी फोन ठेवला आणि दुसरी चिठ्ठी उचलली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली आणि फोन आपल्याकडे ओढला. पलीकडे कोणी आजी होत्या, कानाने कमी असाव्यात. तिने नाव सांगितलं, चूक माझी झाली असं सांगितलं, आणि चिठ्ठीत काय आहे ते वाचून दाखवलं.

“दोन ना?” आजींनी विचारलं.

“नाही आजी. दोन दोन,” ती म्हणाली, आणि दोन्ही शब्द वेगवेगळे, सावकाश म्हणाली.