आजी तिथं रमतात

घरच्या म्हाताऱ्यांचं करून करून पिचलेल्या बायकांना व्याख्यानं देऊन काय उपयोग, यावरून शिओरी मियोशी नगरपालिकेच्या कल्याण विभागात दोन वर्षं भांडत होती. व्याख्यान सुरू झालं की त्या बायका डुलक्या काढायच्या, आणि ती डुलकी हाच त्यांना मिळणारा काय तो लाभ. त्यापेक्षा त्यांना बसमध्ये घाला, डोंगरात न्या, गरम पाण्याच्या झऱ्यावर मनसोक्त डुंबू द्या आणि वर आयतं वाढलेलं जेवू द्या, असं तिचं म्हणणं. योजनेचा हेतूही तिनंच लिहिला होता: घरी आजाऱ्याचं करणाऱ्यांना थोडा वेळ तरी त्या ओझ्याचा विसर पडावा.

विभागप्रमुख एनोमोतो साहेबांनी तो वाचून चष्मा काढला.

"विसर पडला की नाही, ते मोजणार कसं, मियोशी-सान?"

"सहलीच्या आधी विचारू आणि नंतर विचारू. ताण उतरला असेल तर उत्तरांत दिसेलच की."

"दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर पुढच्या वर्षी मुकाट्यानं व्याख्यान."

सहलीसाठी बायका गोळा करणं सोपं नव्हतं. "छे छे, माझ्यापेक्षा कष्टात असलेल्या कितीतरी आहेत, त्यांना न्या," असं प्रत्येकीनं म्हटलं. सगळ्यांत चिवट नकार फुसाए कुसाकाचा. नवरा लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी. सासू किनू आजींना काही आठवेनासं झाल्याला बरीच वर्षं झालेली. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, पहाटे दार उघडून चालू पडल्या की मागे धावणं, हे सगळं एकट्या फुसाएच्या गळ्यात. गेल्या हिवाळ्यात ती जिन्यातच चक्कर येऊन पडली. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, की या बाईला महिन्यातून दोन दिवस तरी विश्रांती मिळाली नाही, तर सासूच्या आधी सुनेलाच उचलून न्यावं लागेल. म्हाताऱ्या माणसांना दोन-चार दिवस ठेवून घेणारं केंद्र जवळच होतं. शिओरीनं हात जोडले, विनवण्या केल्या, शेवटी थोडी रागावलीसुद्धा. तेव्हा कुठे फुसाएनं आजींना दोन दिवस तिथं ठेवलं आणि बसमध्ये पाऊल टाकलं.

आणि काय सांगावं, ती बाई पाण्यात उतरली ती बाहेर यायलाच तयार नाही! गाल लालबुंद, डोक्यावर घडी केलेला पंचा, आणि शेजारणीच्या कुठल्याशा गोष्टीवर ती अशी खळखळून हसली, की शिओरीला वाटलं, आता एनोमोतो साहेब इथे असायला हवे होते. परतीच्या वाटेवर बस दुकानापाशी थांबली. गावाबाहेर जाऊन रिकाम्या हातानं परत येणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. बायकांनी शेजाऱ्यांसाठी, नणंदा-जावांसाठी पुरण भरलेल्या मिठाईचे खोके घेतले. खोक्यावर झऱ्याचं नाव ठसठशीत छापलेलं. फुसाएनंही एक घेतला, आणि सगळे उतरल्यावर तो तिच्या बाकाखाली सापडला.

विसरलेली वस्तू मालकाला पोचवायची, हे आम्हाला बाळकडूतच मिळतं. दुसऱ्या दिवशी शिओरीनं तो खोका छान कापडात बांधला आणि सकाळीच कुसाकांच्या दारात उभी राहिली. दार उघडलं ते फुसाएच्या नणंदेनं. हिसाको नागोयाला राहायची, वर्षातून दोनदा यायची, आणि उरलेलं वर्षभर फोनवर उंटावरून शेळ्या हाकायची. या खेपेला ती न कळवताच आली होती.

शिओरीनं कमरेत वाकून नमस्कार केला. "फुसाए-सान काल झऱ्यावरून येताना हे बसमध्ये विसरल्या. अहो, काय हसत होत्या! आम्हाला सगळ्यांना फार बरं वाटलं बघा."

"झऱ्यावर?" हिसाको म्हणाली. "दाढ काढायचीय, दोन दिवस कण्हत पडून राहीन, म्हणून आईला केंद्रात ठेवते, असं वहिनी मला सांगत होती."

शिओरीच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या हातून खोका कधी घेतला गेला, तेही तिला कळलं नाही. फाटकापर्यंत येईतो आतून आवाज कानावर पडलाच.

"आई तिकडे परक्या दारात, आणि तू इकडे पाण्यात डुंबतेस? दाढ! तोंडाला येईल ते सांगायचं होय गं? लाज कशी वाटली नाही?"

फुसाएचं उत्तर ऐकू आलं नाही. वळून परत आत जावं आणि त्या बाईला चार गोष्टी सुनवाव्यात, असं शिओरीला वाटलं. पण परक्याच्या घरातलं भांडण ऐकलं असं दाखवणं हीसुद्धा आगळीकच. ती सायकलवर बसून कचेरीत गेली.

पुढच्या आठवड्यात केंद्रातून फोन आला. कुसाकांनी आजींसाठी दर महिन्याला नोंदवलेले पुढचे सगळे दिवस रद्द केले होते.

"तसंही आजी इथे रमत नव्हत्याच हो," तिथली परिचारिका म्हणाली. "दोन्ही दिवस दाराशी, चपलांच्या फळीपाशी बसून होत्या. पर्स मांडीवर. जेवायला चला म्हटलं की, फुसाए येईल, ती आल्यावर जेवते, म्हणायच्या. शेवटी आम्ही घास तिथेच नेऊन भरवले. फुसाए-सानना हे बोललो नाही बरं का. त्या बिचाऱ्या आधीच किती वेळा माफी मागत होत्या."

सहलीची उत्तरं तेवढ्यात जमा झाली होती. ताण उतरला होता, चांगला घसघशीत उतरला होता. एनोमोतो साहेब खूष झाले. "वा! शरद ऋतूत दुसरी सहल काढू. एक बाई गळाल्या म्हणता? घरगुती कारण लिहून टाका. एकीनं काय फरक पडतो?"

एकीनं फरक पडत नव्हता हे खरंच होतं, आणि त्याचीच शिओरीला जास्त शरम वाटली. तिला घास गोड लागेना. जिन्यात कोसळलेली फुसाए डोळ्यांपुढून हलेना. आपण त्या बाईला विश्रांती द्यायला गेलो आणि होती नव्हती तीही काढून घेतली, हेच तिचं मन खात राहिलं. शेवटी हिसाको नागोयाला परत गेल्याचं शेजारणीकडून कळल्यावर ती माफी मागायला निघाली.

फुसाएनं दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, मनगटाला पट्टी. शिओरी उंबऱ्याशीच गुडघ्यांवर बसली आणि तिनं कपाळ टेकलं.

"माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. तुमच्या वन्सं रागावल्या आणि केंद्रही बंद झालं. मला क्षमा करा. हिसाको-सानना मी स्वतः फोन करते, समजावून सांगते."

"अहो उठा, उठा! हे काय भलतंच!" फुसाए तिच्याहून खाली वाकली. "माफी मी मागायची. तुम्ही एवढी धडपड केलीत आणि मी अशी. आणि वन्संनी नाही हो बंद केलं. त्या रागावल्या, तासाभरात शांत झाल्या, जाताना मलाच म्हणाल्या, केंद्रात ठेवायला हरकत नाही, फक्त खोटं बोलू नकोस. फोन मीच केला."

"तुम्ही?"

फुसाएनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्या पाण्यात असताना मला आईंची आठवणच झाली नाही. एकदासुद्धा नाही. अंग पुसताना एकदम ध्यानात आलं. वाटलं, अशीच एक दिवस मी विसरून जाईन आणि ते मला बरं वाटेल. खोका विसरले नव्हते मी. ठेवून आले होते. घरी आणायचं धाडस होईना. तुम्ही तो आणून दिलात, वन्सं बोलल्या, आणि खरं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

थोडा वेळ विसर पडावा, हे शिओरीनंच तर मागितलं होतं, आणि ते तंतोतंत मिळालं होतं. तुमचा काही दोष नाही, असं म्हणायला तिचं तोंड उघडलं. प्रशिक्षणात तेच शिकवतात. पण ते वाक्य या बाईनं शंभरदा ऐकलं असेल आणि शंभरदा मान डोलावली असेल. विश्रांती घ्या म्हटलं तर ही मरेपर्यंत घेणार नाही. हिला कर्तव्य सांगितलं तरच ही हलेल.

"पण आजींचं काय?" शिओरी म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा निघाला. "केंद्रातली माणसं विचारत होती. आजी तिथं छान रमल्या होत्या म्हणे. सगळ्यांबरोबर गाणी म्हटली, पोटभर जेवल्या. तुम्ही रद्द केलंत म्हणून सगळी हळहळली. तुमच्यासाठी नका पाठवू. त्यांच्यासाठी पाठवा."

फुसाएचे डोळे भरून आले. "गाणी म्हटली? आईंनी? घरी तर माझा पदर सोडत नाहीत."

"तिथे वेगळंच असतं," शिओरी म्हणाली. एकदा खोटं बोलल्यावर पुढचं सोपं जातं. "माणसांत आल्या की खुलतात."

"असं असेल तर मी कोण अडवणारी? आईंच्या सुखाच्या आड येत होते की हो मी!" फुसाए घाईघाईनं उठली. "आजच कळवते केंद्राला. महिन्यातून दोन दिवस. तीन दिलेत तरी चालेल, त्यांना आवडत असेल तर."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण डोळ्यांदेखत उतरला. शिओरीला ते बघवेना. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती मिळाली होती, जिन्यातली बाई वाचली होती, आणि ज्या म्हातारीच्या नावावर हे घडलं, तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मागचं सरकतं दार हळूच उघडलं. किनू आजी भिंतीला धरून उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा सदरा. त्यांनी शिओरीकडे, तिच्या कचेरीच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि सुनेची बाही घट्ट धरली.

"मला न्यायला आलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी," शिओरी हसून म्हणाली. "आज नाही."