काळा-पांढरा फ्लेक्स

कडेगावात फ्लेक्सवर झळकायचं तर त्याचीही एक रीत आहे. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. मुकुलला यातलं काहीच नको होतं. सांगलीच्या भाड्याच्या खोलीत बसून स्वतःच लिहिलेलं, स्वतःच गायलेलं 'आडवाटेचं टेकाड' त्यानं रविवारी नेटवर सोडलं होतं, आणि आठवडाभर ते सगळ्यात जास्त कुणी ऐकलं असेल तर त्यानंच. म्हटलं, आता आपला डंका आपणच पिटला पाहिजे, पण जरा देखणेपणानं. त्यानं गावातल्या फ्लेक्सवाल्या नानासोला आपला मंद हसणारा काळा-पांढरा फोटो पाठवला. खाली नाव, गाणं, रविवारची तारीख आणि मोबाईलनं स्कॅन करायचा चौकोन.

"रंगीत न्हाई का एखादा?" नानासोनं विचारलं.

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्याला हार घातला.

मुकुलला ते मोबाईलवर कळलं. गाण्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येऊ लागलं. 'काय आवाज होता पोराचा!' 'चांगली माणसं देव लवकर नेतो.' आधी त्याला हसू फुटलं. मग त्यानं ऐकणाऱ्यांचा आकडा पाहिला. आठवडाभर ढिम्म बसलेला आकडा पळत सुटला होता. विट्याचे, फलटणचे, ओळखीचे ना पाळखीचे लोक गाणं एकमेकांना धाडत होते. 'मी जिवंत आहे' असं त्यानं टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मेल्याशिवाय कुणी विचारणारच नसेल, तर दुपारपर्यंत मरायला काय हरकत आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं.

वडिलांची आठवण मात्र आलीच. आई गेल्यापासून घरी एकटे तात्या, आणि गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ येऊन गेलेली. पण तात्या भाचीच्या लेकराच्या बारशाला फलटणला गेले होते. त्यांचा मोबाईल बटणांचा, त्यात कसल्या श्रद्धांजल्या येणार? शिवाय 'गाण्यानं चूल पेटत न्हाई' म्हणत त्यांनी पोराच्या गाण्याला कधी कानच दिला नव्हता. त्यांना कोण कशाला सांगतंय? मुकुल हेच घोकत राहिला आणि येणारे फोन उचलायचं टाळत राहिला.

शेवटी नानासोचा उचलला.

"मर्दा, हाईस कुठं तू?" नानासो रडकुंडीला आला होता. "तुज्या आत्तेभनीचा फोन आलता. तात्यास्नी तितं कुणीतरी फ्लेक्सचा फोटू दावला. भरल्या ताटावरनं उटून एसटीत बसलं म्हनं! फोन लावतोय, तर त्यांचा बंद लागतोय."

मुकुलनं गाडीला किक मारली. पलूस कधी मागं पडलं, त्याला कळलं नाही. एसटीच्या खिडकीशी छाती धरून बसलेले तात्या त्याला सारखे दिसत होते. सकाळी एक फोन केला असता तर? एकच! आकडा बघत बसलो आपण. त्याला स्वतःची शिसारी आली.

स्टँडसमोर फ्लेक्सखालच्या कट्ट्यावर तात्या बसले होते. शेजारी नानासो खाली मान घालून उभा. त्यानं सगळं सांगून टाकलं असावं. तात्यांनी मुकुलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग हात लांबवून त्याचा दंड चाचपला.

"तुला कवा कळलं रं ह्ये?"

"सकाळी," मुकुल म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

उठून टाचा उंचावत तात्यांनी फ्लेक्सवरचा हार काढला आणि कट्ट्यावर ठेवला.

"एसटीत शेजारच्या पोरीनं तुजं गाणं लावून दिलं मला. फलटणपास्नं त्येच ऐकत आलो. सपलं की म्हनायचो, परत लाव बाई. लय ग्वाड गायलाईस, लेका."

हेच ऐकायला मुकुल इतकी वर्षं थांबला होता. तो पुढं सरकला, तसा तात्यांनी हात आडवा धरला.

"आता माज्याम्होरं त्ये पुन्यांदा लावू नगंस. मला सोसायचं न्हाई."