कॅरिनाच्या खाटेवरचा धूर

अहो, जरा इकडे लक्ष द्या! कधीपासून घरघरतेय, कुणी ऐकेल तर शपथ. मी जेनच्या शेगडीवर टांगलेली होते, ती चिमणी. धूर ओढून घ्यायचा आणि घराबाहेर टाकायचा, एवढंच माझं काम. त्यातलं अर्धंच मला करू दिलं, म्हणून तर जिवाला चैन नाही.

कारखान्यात माझा पत्रा वाकवला, पोटात पंखा बसवला आणि खोक्यात घालून मला कतारमध्ये दोह्याला पाठवलं. अल थुमामामधला एक मोठा विला एका कंत्राटदारानं भाड्यानं घेतला होता. मध्ये प्लायवूडच्या भिंती ठोकून त्यानं त्याची सात घरं केली होती. मला बसवायला धनाजी नावाचा साताऱ्याकडचा फिटर आला. भिंतीवर टकटक करून म्हणाला, "भोक पाडावं लागंल. न्हाईतर धूर जायाचा कुटं?"

फोनवर कंत्राटदार ओरडला, "मालिक दीवार तोड़ने नहीं देगा. ऊपर छोड़ दे, खलास!"

धनाजी पुटपुटत शिडीवर चढला. माझा पाइप त्यानं फॉल्स सीलिंगच्या वर सारला आणि तिथंच सोडून दिला. पाइपचं उघडं तोंड बरोबर शेजारच्या छोट्या खोलीच्या डोक्यावर आलं.

त्या खोलीत कॅरिना झोपायची. अकरा वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. तिची आई जेन हॉस्पिटलात नर्स, भाजलेल्यांच्या वॉर्डात. वडील पॅट्रिक एका ऑफिसात. मूळचे वसईचे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आले की जेन फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळायला घ्यायची, नाहीतर बोंबील. गावाहून आलेला बाटलीतला मसाला तेलात पडला की मी खोकत सुटायची.

"चिमणी भारी आहे हां आपली, वाससुद्धा राहत नाही," पॅट्रिक कौतुकानं म्हणायचा.

अरे बाबा, राहतोय! तुझ्या लेकीच्या डोक्यावर राहतोय! तीन वर्षं मी तेलकट वाफ तिथं ओतत होते. प्लायवूड तेल पिऊन पिऊन काळं पडलं होतं. एक ठिणगी वर गेली असती, तर खाली झोपलेल्या पोरीला उठायलाही वेळ मिळाला नसता. हे मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. मी जोरात खडखडायची, तर पॅट्रिक माझा स्क्रू आवळायचा.

एकदा कॅरिनाच्या उशीवर तपकिरी थेंब पडला. "डॅडी, द सीलिंग इज ड्रिपिंग," ती म्हणाली. पॅट्रिकनं वर पाहिलं, एसीचं पाणी म्हणाला, आणि डागावर पांढरा रंग फासला. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण माझा संताप म्हणजे नुसती घरघर.

मग गेल्या महिन्यात विल्याची देखभाल करणारा काशिफ धावत आला. "पॅट्रिकभाई, कल बलदिया की चेकिंग है. चूल्हा छुपा दो." बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. तुकडे पाडलेल्या विल्यात अशा शेगड्या चालत नाहीत, हे सातही घरांना माहीत होतं. चेकिंगच्या दिवशी सगळीकडे शेगड्या कपाटात जायच्या आणि सिलिंडर चादरीखाली.

पॅट्रिकनं तर डोकं चालवलं. ओट्यावर लेसचं कापड अंथरलं, माझ्यावर पांढरा पडदा सोडला आणि माझ्या पुढ्यात मदर मेरीचा पुतळा मांडून ऑल्टर केला. आणि माझ्या जाळीच्या बरोबर खाली जळती मेणबत्ती! "देवाचा पडदा कोण बाजूला करतंय?" तो म्हणाला. जेनला ते आवडलं नव्हतं. "पॅट्रिक, हे बरं नाही हां," ती म्हणाली, पण कॅरिनाची परीक्षा तोंडावर होती आणि घर सुटेल ही भीती तिलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बलदियाचे साहेब आले. ऑल्टर दिसताच दारातच थबकले, अदबीनं मागे सरले आणि वहीत काहीतरी लिहायला लागले. मेणबत्तीची ऊब मला लागत होती. महिनाभर माझी जाळी कुणी धुतली नव्हती. जाळीतलं तेल पातळ व्हायला लागलं. मी मुद्दाम केलं म्हणाल, तर नाही. मला ते धरून ठेवता येईना. थेंब ज्योतीवर पडला, फस्सकन जाळ उठला आणि पडदा पेटला.

जेननं क्षणात ओला टॉवेल टाकून आग दाबली. रोज भाजलेली माणसं हाताळणारी बाई ती. साहेब धावत आत आले.

"ओन्ली कँडल, सर! नो प्रॉब्लेम!" पॅट्रिक घाईघाईनं म्हणाला.

साहेब घोटाळले. जेन माझ्याकडे पाहत होती. अर्ध्या जळालेल्या पडद्यातून माझी तेलानं निथळणारी जाळी दिसत होती. तिची नजर माझ्या पाइपवरून छतापर्यंत गेली, तिथून कॅरिनाच्या खोलीकडे वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, धिस इज अवर किचन," ती म्हणाली. "प्लीज, वर बघा. माझ्या मुलीच्या खोलीच्या वर बघा."

"जेन, गप्प बस!" पॅट्रिक कळवळून म्हणाला. "रस्त्यावर येऊ आपण!"

"येऊ तर येऊ! पोरगी जिवंत तर येईल ना?"

साहेबांनी कॅरिनाच्या खोलीतली सीलिंगची एक पाटी उचलली आणि टॉर्च मारला. काळा, चिकट, बोटभर थर. पॅट्रिकनं मान वर करून पाहिलं आणि मटकन त्याच खाटेवर बसला. मला इतकं हायसं वाटलं, की रडता आलं असतं तर रडले असते.

आठवड्यात ते गेले, अल मन्सूराला, एका जुन्या बिल्डिंगीत. निघताना जेननं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचा राग मला मान्य आहे.

आता मी विल्याच्या अंगणात भिंतीला टेकून पडलेय, धुळीत. मला भंगारात टाकलं असतं तर सुटले असते. पण काल काशिफनं एका माणसाला आणलं. आफताब त्याचं नाव, पलीकडच्या, तशाच तुकडे पाडलेल्या विल्यात राहतो. कडेवर चिमुरडी होती, माझं बटण दाबून हसत होती. त्यानं माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, पंखा फिरवून पाहिला आणि खूश झाला. धूर कुठं सोडणार, हे त्यानं विचारलं नाही, काशिफनं सांगितलं नाही. उद्या सकाळी मला न्यायला येणार आहेत. अहो, तुम्हाला तर बोलता येतं ना? मग थांबवा की त्यांना!