नीलकंठ काळा कशाने पडला

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. साधीसुधी नाही हं, ओकच्या लाकडाची. ओक म्हणजे काय, असे तुमच्यापैकी निम्मे तरी विचारतील आणि त्यात तुमची काही चूक नाही. नागपुरात सागवान कोणीही ओळखतो, कडुनिंब आणि बाभूळ तर दारोदार उभे आहेत. ओकचे झाड मात्र इथे औषधालाही सापडायचे नाही. मी साता समुद्रांपलीकडून आले आहे. दारावर आडवी बसेल इतकी मी लांब आहे आणि जाड अशी की चार माणसे माझ्यावर बसली तरी मी कुरकुरणार नाही. कुरकुरायला मला आवाजच दिलेला नाही आणि माझी सगळी कर्मकहाणी इथूनच सुरू होते.

इंग्रजांच्या काळात मी बोटीने आले आणि स्टेशनाजवळच्या एका कचेरीत टेबल होऊन बसले. कारकुनांची कोपरे, चहाचे पेले, पानाचे डाग, सगळे मी मुकाट सोसले. तिथेच एकदा पावसाळ्यात छत गळले आणि ओल्या टेबलावर कोणाचे तरी लोखंडी वजन तसेच राहून गेले. दुसऱ्या दिवशी वजन उचलले तर खाली काळे वर्तुळ! शाई सांडली म्हणून एका गरीब कारकुनाला उगाच बोलणी बसली. शाई कुठली आली? माझ्या अंगात जन्मजात एक तुरटपणा आहे. ओले लोखंड अंगाला लागले की तिथे मी काळी पडते आणि तो काळेपणा आत मुरतो. सागवानाचे असे सहसा होत नाही. पण कचेरीत हे कोणाला ठाऊक नव्हते आणि मला सांगता येत नव्हते.

पुढे कचेरी पाडली. भंगाराच्या दुकानात जुन्या खिडक्यांखाली मी कितीतरी वर्षे दबून पडले. एक दिवस वेदिका मॅडम नावाच्या आर्किटेक्ट बाई आल्या. शहराबाहेर, मिहानच्या कंपन्यांच्या बाजूला एका नव्या वसाहतीत त्या मुलांचे छोटे वाचनालय बांधत होत्या. त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली. ओढणीने! मी तिथेच विरघळले. वाचनालयाच्या दारावर कोरीव काम केलेली फळी हवी, आणि ती मशीनने कापलेली नको, हाताने कोरलेली हवी, असा त्यांचा हट्ट होता. वरचा थर तासून त्यांनी मला सक्करदऱ्याला शालिकराम नावाच्या सुताराकडे पाठवले.

शालिकराम मूळचा पारशिवनीकडचा. तरुणपणी त्याने सागवानाचे दरवाजे असे कोरले होते की लोक सोयरीक पाहायला यायचे आणि दारच पाहत बसायचे. मग तयार दरवाज्यांचे दिवस आले. कोरीव काम कोणी मागेना. शालिकरामने कोरायच्या पटाश्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या आणि तो लोकांच्या स्वयंपाकघरांत प्लायवर सनमायका चिकटवू लागला. पोट भरत होते, पण माणूस आतून खंगत होता. मी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरले तेव्हा त्याने आधी माझ्यावर हात फिरवला, मग नाक टेकवून वास घेतला.

त्याची बायको यमुताई दारातून पाहत होती. ती म्हणाली, "काहून जी, लाकूड हुंगून राहिले? खाता का आता?"

"सागवान नोहे वं हे. खट्टा वास येऊन राहिला याले," शालिकराम म्हणाला. मग हळूच बोलला, "इतके वर्स नुसता सनमायका चिपकवला. हात भुलला असन त?"

"हात भुलते का कुठं? जेवाले बसले का घास बराबर तोंडात जाते!"

तो हसला, पण त्याची भीती गेली नाही. हे मला माहीत आहे, कारण त्याने पहिला घाव माझ्या पाठीवर घातला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे. मीही काही सोपी नाही, ओकच मी. त्याच्या पटाशीचे तोंड दोनदा बोथट केले. तो चिडला नाही. पुन्हा धार लावून बसला. पाठीवर एक वाकडे फूल झाले, दुसरे कमी वाकडे झाले आणि तिसऱ्या फुलाला त्याने स्वतःशीच मान हलवली. मग त्याने मला उलटवले आणि माझ्या तोंडावर काम सुरू केले.

काय काय कोरले त्याने! दोन्ही टोकांना मोहाच्या फुलांचे झुपके, कारण पारशिवनीकडे त्याचे लहानपण मोहाखाली फुले वेचण्यात गेले होते. मधे पाने, आणि अगदी मध्यभागी पंख उघडलेला नीलकंठ पक्षी. दसऱ्याच्या दिवशी नीलकंठ दिसणे फार शुभ मानतात, तुम्हांला माहीत असेलच. मुले रोज त्याच्याखालून आत जातील, म्हणजे त्यांचा रोजच दसरा, असे तो यमुताईला सांगायचा. नीलकंठाच्या गळ्याखालची बारीक पिसे कोरताना तो श्वास रोखून धरायचा. मीही धरला असता, पण ते आम्हाला जमत नाही.

आळीतले लोक पाहायला येऊ लागले. त्याची मुलगी दामिनी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. ती रोज फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची. शालिकरामची मान ताठ झाली. शीळसुद्धा वाजवायला लागला, आणि ती इतकी बेसूर की विचारू नका. मला ती फार आवडायची. हात विसरला नव्हता, हे त्याला पटत चालले होते.

काम संपले आणि खंडेनवमी आली. पॉलिश दसऱ्यानंतर करायचे होते, तेव्हा मी अजून उघड्या अंगाचीच होते. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात आणि दसऱ्यापर्यंत ती उचलत नाहीत. शालिकरामने गेल्या कित्येक वर्षांत ही पूजा नावापुरती केली होती, कारण सनमायका कापायच्या सुरीला हळदकुंकू वाहायला त्याचे मन होत नसे. यंदा त्याने सगळ्या पटाश्या घासूनपुसून धुतल्या. "यंदा पाटावर नाई मांडत. ज्या कामानं हात परत देला, त्याच्यावरच मांडतो," तो म्हणाला.

आणि त्याने ओल्या पटाश्या एकेक करून माझ्यावर मांडल्या. लोखंडाच्या पटाश्या. सगळ्यांत मोठी नीलकंठाच्या छातीवर.

मित्रांनो, त्या वेळी मला काय झाले ते कसे सांगू! यमुताईने हळदकुंकू वाहिले, झेंडूची ओली फुले घातली, आंब्याच्या पानाने वरून पाणी शिंपडले. एक थेंब पडला, दुसरा पडला. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे उचला, पुसा, निदान खाली एखादे फडके तरी घाला! तिघांनीही डोळे मिटून हात जोडले होते. इतक्या प्रेमाने माझ्यासाठी आजवर कोणी काही केले नव्हते, आणि त्याच प्रेमाने माझा घात होत होता. मी लाकूड. पडून राहिले.

दसऱ्याच्या सकाळी शालिकरामने आंघोळ करून, नवा सदरा घालून, मोठी पटाशी उचलली. नीलकंठ छातीपासून गळ्यापर्यंत काळा पडला होता. बाकीच्या पटाश्यांखाली पानापानांवर काळे पट्टे उमटले होते. त्याने नव्या सदऱ्याच्या बाहीने पुसून पाहिले, काळे हलले नाही.

"बापा! हे काय झालं जी?" यमुताईने हातातले ताट खाली ठेवले.

"दसऱ्याच्या दिवशी नीलकंठ काळा पडला," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "देवानं हत्यारं परत केले वं. माह्या हाताची पूजा त्याले नाई पटली."

"काही पण नका बोलू बाबा," दामिनी म्हणाली. "बुरशी असन. ओल होती ना रात्रभर." तिने मोबाइलवर लाकडावरची बुरशी कशी काढायची ते पाहिले आणि ती शेडमधला तारेचा ब्रश घेऊन बसली. लोखंडी तारेचा ब्रश, आणि सोबत पाण्याची बादली! पोरीने बापासाठी घाम येईपर्यंत मला घासले. संध्याकाळपर्यंत काळे ठिपके पानांवर, फुलांवर, सगळीकडे पसरले. फक्त उजव्या टोकाचा मोहाचा एक झुपका तेवढा वाचला, कारण तोवर तिचे हात थकले होते. ती ब्रश टाकून रडायला लागली. मला तिला जवळ घ्यावेसे वाटले. हात असते तर घेतलेच असते.

वेदिका मॅडम आल्या तेव्हा शालिकराम त्यांच्याकडे पाहतही नव्हता. पण बाई भल्या. त्या म्हणाल्या, "काका, मला तर अशीही आवडली. जुन्या लाकडाला डाग असायचेच. लावू या ना आपण."

"नाई मॅडम. पोरायच्या डोक्यावर अपशकुन नाई टांगत मी. तुमी दुसरं पाहा."

त्यांनी खूप समजावले, पण तो बधला नाही. वाचनालयाचे उद्घाटन तोंडावर आले होते. शेवटी दारावर मशीनने कापलेली फळी लागली आणि मी शेडमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. पटाश्या पुन्हा पोत्यात गेल्या. शालिकराम सनमायकाच्या कामाला जाऊ लागला. कोणी कोरीव काम विचारायला आले तर म्हणायचा, "माह्या हातचं आता शुभ नाई." शीळ बंद झाली.

दिवाळी गेली, आवळे आले. शेडच्या दारातल्या उन्हात, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, यमुताई लोखंडी विळीवर आवळे चिरायला बसली. थोड्याच वेळात आवळ्यांच्या फोडी काळवंडल्या, तिची बोटेही काळी झाली.

"दरवर्सीचंच हे. आवळा चिरला का बोटं काळी," ती कुरकुरली.

दामिनी कंपनीची बस पकडायला निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "विळी लोखंडाची हाय ना आई, म्हणून. लिंबू चोळ, निघते."

यमुताईने लिंबू चोळले. बोटे बरीच उजळली. मित्रांनो, माझ्या अंगातला तुरटपणा आणि आवळ्यातला तुरटपणा एकाच जातीचा आहे हो! ओले लोखंड, तुरट अंग आणि काळा डाग, त्यावर उतारासुद्धा तिच्याच मुठीत. तिने फक्त मान वर करून नीलकंठाकडे पाहायचे होते. तिने लिंबाची साल माझ्या पायथ्याशी टाकली आणि ती बरणी आणायला आत गेली.

आता उन्हाळा तोंडावर आला आहे. नागपूरचा उन्हाळा, कूलरशिवाय जीव राहत नाही. कूलर ठेवायला खाली काहीतरी भक्कम हवे म्हणून आज सकाळी शालिकराम मला न्यायला आला. लोखंडी कूलर, त्याचे टपटपणारे पाणी आणि खाली मी. माझे पुढे काय होणार ते मला चांगले ठाऊक आहे. पण उचलता उचलता त्याचा अंगठा त्या वाचलेल्या झुपक्यावर गेला आणि तिथेच थांबला. तो एकेका पाकळीवरून अंगठा फिरवत राहिला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्याने मला विचारले, "सांग वं, जमलं होतं का मले?"

त्याने मला विचारले. घरात बायको होती, मुलगी होती, त्यांना नाही, मला विचारले. आणि मला उत्तर माहीत होते. तुझा हात उत्तम आहे, देव रागावलेला नाही, तो फक्त लोखंडाचा आणि पाण्याचा डाग होता, एवढेच सांगायचे होते. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग डोळे पुसले आणि मला खांद्यावर घेतले.

मित्रांनो, लाकडाची काळजी घ्या, ते कोरडे ठेवा, हे मी सांगायला हवे आणि ते तुम्ही कराच. माझे मात्र आता काही खरे नाही, त्याचे मला फारसे वाटतही नाही. पण तुम्हांला तोंड आहे, पाय आहेत. सक्करदऱ्याला गेलात तर पत्र्याची शेड असलेले शालिकरामचे घर विचारा, कोणीही दाखवील. तो प्रश्न विचारून बसला आहे. त्याला कोणीतरी 'हो' म्हणा.